‘निरंक’ लिहिलं की ओळ लाल होते: पावसाच्या शीटमधलं कंडिशनल फॉरमॅटिंग

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात आमचा एक छोटा शेतकरी गट आहे. आमच्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस मी १ जूनपासून गुगल शीटमध्ये भरायलोय. ए कॉलममध्ये तारीख, बी कॉलममध्ये पाऊस मिलिमीटरमध्ये. ओळ २ ते १२३, म्हणजे १ जून ते ३० सप्टेंबरचे १२२ दिवस. दर रविवारी त्याचा फोटो गटावर टाकतो.

पावसाचा आकडा बघून ओळ आपोआप रंगावी (हेच कंडिशनल फॉरमॅटिंग) म्हणून दोन नियम लावलेत. रेंज, म्हणजे नियम लागू असलेले सेल, दोन्हीला ए२:बी१२३.

लाल: =$बी२>=६५
पिवळा: =$बी२<२.५

६५ का, तर आपल्याकडं मंडळात २४ तासांत ६५ मिमी पडला की अतिवृष्टी धरतात. २.५ का, तर त्याहून कमी पाऊस पडला तर तो पावसाचा दिवस धरत नाहीत.

आता अडचण. पाऊस नसला की मी ‘निरंक’ लिहितो. ज्या ज्या दिवशी निरंक, त्या सगळ्या ओळी लाल झाल्यात. आणि पुढच्या तारखा, ज्या अजून यायच्याच आहेत, त्या सगळ्या पिवळ्या. मागच्या रविवारी फोटो गेल्यावर औशाकडच्या एका मामांचा फोन आला, “तुमच्याकडं एवढी अतिवृष्टी झाली अन् कोणी बोललं कसं नाही?” मी लगेच फोटो काढून टाकला. लोक त्या रंगावरून फवारणी अन् पाणी ठरवतात, म्हणून हे नीट व्हायला पाहिजे.

(सूत्रं इथं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिलीत. शीटमध्ये इंग्रजी अक्षरांत, इंग्रजी अंकांत टाका. अवतरणातले मराठी शब्द मात्र तसेच.)

---

मोसंबीबाग (जालना)

दादा, सूत्राचं व्याकरण बरोबर आहे. घोळ तुलनेत आहे. शीटला ‘पेक्षा मोठं, पेक्षा लहान’ विचारलं की ती सगळ्या प्रकारच्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या करते. आधी सगळे आकडे, त्यांच्यानंतर सगळा मजकूर. म्हणजे कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच. ‘निरंक’ हा ६५ पेक्षा मोठा, आणि ६५ लाखांपेक्षाही मोठा. एक्सेलमध्ये हेच, लिब्रेऑफिसमध्येही हेच.

रिकाम्या सेलचं उलटं. तुलना करताना रिकामा सेल शून्य धरला जातो. शून्य २.५ पेक्षा लहान, म्हणून पुढच्या तारखा पिवळ्या.

म्हणजे तुमच्या शीटमध्ये ज्या दिवशी पाऊस नाही तो दिवस अतिवृष्टीचा झाला, आणि जो दिवस उगवलाच नाही तो कोरडा ठरला. हे करा:

लाल: =अँड(इझनंबर($बी२),$बी२>=६५)
पिवळा: =अँड($बी२<>"",एन($बी२)<२.५)

इझनंबर विचारतं, हा आकडा आहे का. एन हे मजकुराचं शून्य करतं, आकडा असेल तर तसाच ठेवतं. एक तिसरा नियमही लावा, राखाडी:

=अँड($बी२="",$ए२<टुडे())

तारीख उलटून गेली पण नोंद आली नाही, असे दिवस वेगळे दिसतील.

---

मांजराकाठ

मोसंबीबाग काका, लाल एकदम बरोबर झालं. राखाडीत चार दिवस सापडले, ते माझ्याकडूनच भरायचे राहिले होते. लै मदत झाली.

---

गोदाकाठ (परभणी)

थांबा. तो पिवळा नियम मला धोक्याचा वाटतो. मी माझ्या शीटवर करून बघितला. माझ्याकडं एका दिवशी ‘७१ मिमी’ असं लिहिलेलं होतं. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर तसाच पेस्ट केलेला. ‘मिमी’ जोडल्यामुळं तो आकडा राहिला नाही, मजकूर झाला. इझनंबर नाही म्हणालं, म्हणून लाल लागला नाही. आणि एननं त्याचं शून्य केलं, म्हणून ओळ पिवळी झाली. ७१ मिलिमीटरचा दिवस कोरडा दाखवला.

निरंकला लाल रंग आला तर कोणीतरी फोन करून विचारतं. पण अतिवृष्टीच्या दिवसाला पिवळा आला तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

---

मोसंबीबाग

गोदाकाठ, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी ‘मजकूर म्हणजे निरंकच’ असं गृहीत धरलं, ते चूक होतं. मजकुरातला फक्त ‘निरंक’ एवढा एकच शब्द मान्य करायचा आणि बाकी सगळ्यावर बोट ठेवायचं:

पिवळा: =ऑर(ट्रिम($बी२)="निरंक",अँड(इझनंबर($बी२),$बी२<२.५))
जांभळा: =अँड($बी२<>"",नॉट(इझनंबर($बी२)),ट्रिम($बी२)<>"निरंक")

जांभळा म्हणजे इथं काहीतरी भलतं लिहिलंय, आधी ते दुरुस्त करा. मागेपुढे पडलेली साधी मोकळी जागा ट्रिम काढून टाकतं, त्यामुळं ‘निरंक ’ असं लिहिलं तरी चालेल. मांजराकाठ, माझा आधीचा पिवळा नियम पुसून टाका.

---

वसमतहळद (हिंगोली)

मी बचत गटाचे हिशेब ठेवते. माझा एक वेगळाच सल्ला आहे. शब्द लिहूच नका. शून्य लिहा आणि शून्याला ‘निरंक’ दिसायला लावा.

बी कॉलम निवडा, फॉरमॅट, नंबर, कस्टम नंबर फॉरमॅट. तिथे हे टाका:

०.०;-०.०;"निरंक"

अर्धविरामांनी तीन कप्पे पडतात. पहिला धन आकड्यांचा, दुसरा ऋण आकड्यांचा, तिसरा शून्याचा. तुम्ही ० दाबलं की सेलमध्ये ‘निरंक’ दिसतं, पण आत शून्यच असतं. बेरीज, सरासरी, कंडिशनल फॉरमॅटिंग सगळं आकडा समजूनच चालतं. एक्सेललाही हाच फॉरमॅट लागतो. आमच्या गटात थकबाकी शून्य असली की ‘चुकते’ असं दिसायला मी असंच केलंय. बायकांना ० पेक्षा तो शब्द बघायला बरं वाटतं.

मग पिवळा नियम एवढाच राहील: =अँड(इझनंबर($बी२),$बी२<२.५)

---

मांजराकाठ

ताई, हे मला माहीतच नव्हतं. आत्ता केलं. फाइंड अँड रिप्लेसनं सगळे ‘निरंक’ काढून ० टाकले, दिसायला शीट तशीच. गावातल्या लोकांना निरंक हाच शब्द ओळखीचा, रजिस्टरला पण तोच असतो, म्हणून मी तो सोडायला तयार नव्हतो. आता शब्द पण राहिला अन् हिशेब पण.

जांभळा नियम ठेवलाय. दोन ठिकाणी ‘रिमझिम’ लिहिलेलं निघालं.

---

गोदाकाठ

जांभळा ठेवाच. डेटा व्हॅलिडेशन लावून फक्त आकडा स्वीकारायला सांगता येतं, पण एक्सेलमध्ये पेस्ट केलेला मजकूर ते अडवत नाही. आणि आपल्याकडचा निम्मा डेटा पेस्ट होऊनच येतो.

एक पावसाबद्दल. हवामान खात्याची मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी असते. १४ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस १५ तारखेच्या नोंदीत येतो. गटातले लोक “काल पडला आणि आज का लाल झालं” असं विचारतील, तेव्हा हे सांगा. हवामान खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस ६४.५ पासून, अतिजोरदार ११५.६ पासून आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. गडद रंगाचा अजून एक टप्पा ठेवायचा असेल तर ११५.६ घ्या.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

मी बी हाच धागा बघून करायलोय, पण माझं एक ओळ वर सरकायलंय. ७१ मिमी ओळ १५ मध्ये हाय, अन् लाल ओळ १४ होतीय. सूत्र अक्षर न् अक्षर तेच हाय. काय चुकायलंय?

---

मोसंबीबाग

तुमची रेंज काय आहे ते सांगा. ए१:बी१२३ आहे का?

---

तेरणाकाठ

हो, शीर्षकासकट सगळं निवडलं होतं.

---

मोसंबीबाग

तेच कारण. सूत्र नेहमी रेंजच्या सगळ्यात वरच्या, डाव्या सेलसाठी लिहिलेलं धरतात. तिथून खाली एकेक ओळ उतरताना सूत्रातला आकडाही एकेकानं वाढतो. तुमची रेंज १ पासून सुरू होते आणि सूत्र २ विचारतं, म्हणजे प्रत्येक ओळ आपल्या खालच्या ओळीचा पाऊस बघून रंग घेते. रेंज ए२ पासून करा.

डॉलरचंही सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. $बी२ मध्ये डॉलर बीच्या आधी आहे, म्हणजे कॉलम बांधला, ओळ मोकळी. म्हणून ए मधली तारीखही बी मधला पाऊस बघून रंगते आणि पूर्ण ओळ लाल होते. डॉलर काढला तर ए चा सेल बी बघेल आणि बी चा सेल सी बघेल. $बी$२ असं दोन्हीकडे बांधलं तर सगळं शीट १ जूनच्याच पावसावर रंगेल. दोन्हीकडे बांधायचं ते फक्त निकषाच्या सेलला. ६५ हा आकडा सूत्रात न लिहिता ई१ मध्ये ठेवा आणि $बी२>=$ई$१ लिहा. उद्या निकष बदलला तर एकच सेल बदलायचा.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी: नियमाच्या चौकटीत सूत्र दुरुस्त करताना बाणाची बटणं दाबली की मध्येच भलत्या सेलचे पत्ते घुसतात. आधी एफ२ दाबा, मग बाण नीट चालतात. हे कळायच्या आधी मी प्रत्येक वेळी सगळं पुसून परत लिहायचो.

---

मांजराकाठ

आता माझा खरा प्रश्न. मला पावसाचा खंड रंगवायचाय. सलग २१ दिवस २.५ च्या खाली गेले तर ते सगळेच्या सगळे दिवस केशरी दिसायला पाहिजेत. मी हे लिहिलं, रेंज ए२२ पासून:

=अँड(काउंट($बी२:$बी२२)=२१,काउंटइफ($बी२:$बी२२,">=२.५")=०)

चालतं, पण रंग एकविसाव्या दिवसापासून पुढं लागतो. आधीचे वीस दिवस पिवळेच राहतात. खंड कधी सुरू झाला ते दिसत नाही.

२०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी शाळेत होतो. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मंडळांत पाण्यानं उभं सोयाबीन गेलं. दोन्ही टोकं एकाच शीटमध्ये दिसली पाहिजेत असं माझ्या मनात आहे.

---

गोदाकाठ

तुमचं सूत्र मागं वळून बघतं, म्हणून पहिल्या दिवसाला पुढं काय होणार ते कळत नाही. सगळं एकाच सूत्रात कोंबण्यापेक्षा दोन मदतीचे कॉलम घ्या आणि नंतर लपवून टाका.

सी२, खाली ओढा: =इफ($बी२="","",इफ($बी२<२.५,एन(सी१)+१,०))

हा आजवरचा खंड मोजतो. १, २, ३ वाढत जातो, पाऊस पडला की ०. पहिल्या ओळीत वर शीर्षकाचा मजकूर आहे, म्हणून एन(सी१).

डी२, खाली ओढा: =इफ(एन(सी२)=०,०,इफ(एन(सी३)>सी२,डी३,सी२))

हा खालून वर सांगत येतो. खालच्या दिवसाची मोजणी माझ्यापेक्षा मोठी असेल तर खंड अजून चालू आहे, मग मी खालच्याचाच आकडा घेतो. नसेल तर खंड माझ्यापाशी संपला. म्हणून २३ दिवसांच्या खंडात तेवीसच्या तेवीस ओळींना डी मध्ये २३ येतं.

केशरी: =$डी२>=२१
फिकट केशरी: =अँड($डी२>=१५,$डी२<२१)

फिकट माझ्याकडून. हलक्या रानात फुलोऱ्यातल्या सोयाबीनला पंधरा दिवसांची ओढही भारी पडते. २१ होईपर्यंत थांबलात तर संरक्षित पाणी द्यायची वेळ गेलेली असते.

दोन्ही केशरी नियम पिवळ्याच्या वर ठेवा. गुगल शीटमध्ये वरून पहिला जो नियम लागू होतो त्याचाच रंग बसतो. पिवळा वर राहिला तर केशरी कधीच दिसणार नाही.

---

वसमतहळद

गोदाकाठ, मध्ये एखादा दिवस रिकामा राहिला तर?

---

गोदाकाठ

चांगलं विचारलंत. रिकाम्या दिवशी सी मध्ये काहीच येत नाही आणि दुसऱ्या दिवशी मोजणी १ पासून सुरू होते. मी हे मुद्दाम असं ठेवलंय. त्या दिवशी पाऊस पडला की नाही ते आपल्याला माहीत नाही, तर तो दिवस कोरडा धरून खंड लांबवायचा अधिकार आपल्याला नाही. तिथं राखाडी रंग दिसेलच. नोंद मिळवा, भरा, खंड आपोआप जुळेल.

---

तेरणाकाठ

२१ दिवसांचा खंड म्हणजे पीकविम्याचा ना? मग हे शीट विम्याला चालंल का?

---

गोदाकाठ

२०२३ च्या खरिपात, ऑगस्ट कोरडा गेला तेव्हा, २१ दिवसांच्या खंडावरून आगाऊ भरपाईचा विषय आपल्याकडं गाजला होता. २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीकविमा पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पादनावर आहे. त्यामुळं विम्यासाठी म्हणून हे शीट करू नका. पाणी कधी द्यायचं, कोळपणी कधी करायची, दुबार पेरणीची वेळ येणार का, यासाठी करा. पाऊस मंडळाच्या केंद्रावरचा असतो. तुमच्या शिवारातलं साधं पर्जन्यमापक वेगळं सांगत असेल तर त्याला एफ कॉलम द्या.

पेरणीचाही एक नियम देतो. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन चांगली ओल झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. १ जूनपासूनची बेरीज ७५ ओलांडते तो दिवस हिरवा करायचा:

=अँड(सम($बी$२:$बी२)>=७५,सम($बी$२:$बी२)-एन($बी२)<७५)

इथं रेंजचं वरचं टोक बांधलेलं आणि खालचं मोकळं आहे, म्हणून ती दर ओळीला एकेक दिवसानं लांब होत जाते. पण महिनाभर थेंब थेंब करून ७५ झाले तर तो हिरवा रंग बघून पेरू नका. बोटं मातीत घालून ओल बघा.

---

बाजारसमिती_रस्ता (लातूर)

धागा वाचून माझाही प्रश्न. सोयाबीनच्या ओलाव्याचं शीट आहे. हमीभाव खरेदीला १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, म्हणून =$सी२>१२ लावलं. एकही ओळ रंगत नाही. १८ टक्के आहे तरी नाही.

---

मोसंबीबाग

सेलमध्ये १८% असं चिन्हासकट दिसतंय ना? मग आत ०.१८ आहे. टक्क्याचं चिन्ह लागलं की शीट शंभरानं भागूनच साठवते. =$सी२>१२% लिहा किंवा ०.१२.

भावाचाही नियम लावणार असाल तर हमीभाव सूत्रात लिहू नका, वेगळ्या सेलमध्ये ठेवा. २०२३-२४ ला ४६०० रुपये होता, २०२४-२५ ला ४८९२, २०२५-२६ ला ५३२८. दरवर्षी बदलतो. ओलाव्याची अटही बदलते, २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं त्या हंगामापुरती १५ टक्के केली होती. असा बदलता आकडा ‘निकष’ नावाच्या दुसऱ्या टॅबवर ठेवला तर गुगल शीटमध्ये नियमाला थेट दिसत नाही, इनडायरेक्ट("निकष!बी१") असं लिहावं लागतं. एक्सेल २०१० पासून थेट चालतं.

---

वसमतहळद

गटाच्या हिशेबातला एक अनुभव लिहिते, कोणाला तरी उपयोगी पडेल. एकच खातं दोनदा भरलं गेलं तर रंगावं म्हणून मी एक्सेलमध्ये =काउंटइफ($सी$२:$सी$२००,$सी२)>१ लावलं. १६ अंकी खाती, मजकूर म्हणून भरलेली. दोन बायकांची खाती फक्त शेवटच्या अंकानं वेगळी, तरी दोघी लाल. एकीला वाटलं तिच्या खात्यावर कोणी दुसरीनं नाव लावलं, आणि ती दोन दिवस गटात आली नाही.

काउंटइफ मजकुरातल्या आकड्यांनाही आकडा समजून बघतं आणि एक्सेल १५ अंकांपुढचं धरत नाही. दोन्ही खाती त्याला सारखीच दिसली. हे सूत्र बरोबर चालतं:

=समप्रॉडक्ट(--($सी$२:$सी$२००=$सी२))>१

मी तिच्या घरी लॅपटॉप घेऊन गेले आणि तिच्यासमोर सूत्र बदललं. लाल गेला तेव्हा तिनं चहा ठेवला.

---

मांजराकाठ

ताई, हे वाचून मी रविवारचा फोटो परत एकदा नीट बघितला.

आमच्या शीटची आत्ताची स्थिती. वरून खाली नियम असे लावलेत: जांभळा, राखाडी, गडद लाल, लाल, हिरवा, केशरी, फिकट केशरी, पिवळा. सी आणि डी लपवलेत. निकष ई१ ते ई५ मध्ये.

एक राहिलंय. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला प्रिंट काढली तर ती काळी-पांढरी येते. लाल आणि केशरी दोन्ही सारखेच राखाडी दिसतात.

---

मोसंबीबाग

रंगाच्या जोडीला शब्द द्या. एफ कॉलम पर्जन्यमापकाला ठेवलाय, म्हणून जी२ मध्ये:

=इफ($बी२="",इफ($ए२<टुडे(),"नोंद नाही",""),इफ(नॉट(इझनंबर($बी२)),"तपासा",इफ($बी२>=$ई$१,"अतिवृष्टी",इफ($डी२>=२१,"खंड",""))))

क्रम नियमांचाच आहे. लाल-हिरवा ओळखू न येणारी माणसंही असतात, त्यांनाही हे वाचता येईल. एकूण किती दिवस अतिवृष्टी झाली ते मोजायलाही हाच कॉलम धरा, कारण नियमानं आलेला रंग कुठल्याही साध्या सूत्राला मोजता येत नाही: =काउंटइफ($जी$२:$जी$१२३,"अतिवृष्टी")

---

मांजराकाठ

लावलं. प्रिंट काढून फळ्यावर चिकटवली. औशाच्या मामांना नवा फोटो पाठवला अन् फोन करून सांगितलं की मागचा लाल रंग चुकीचा होता, तेव्हा पाऊसच नव्हता. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंस, मी तेच बघून उद्याची फवारणी पुढं ढकलली होती.”